हिशेब कोणाच्या घरी?

१९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातलं कुलकर्णी वतन रद्द केलं आणि गावोगावचं दप्तर पगारी तलाठ्यांच्या हाती सोपवलं. इतिहासाच्या पुस्तकांत हा निर्णय सामाजिक सुधारणांच्या प्रकरणात येतो, आणि तिथे तो यायलाच हवा. पिढीजात हक्क मोडून लिहिण्या-वाचण्याची नोकरी सर्व जातींच्या शिकलेल्या मुलांना खुली करणं ही त्या काळात मोठी हिंमत होती. पण त्याच निर्णयाला हिशेबाचीही बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. जमीन रयत कसणार, सारा सरकार घेणार आणि दोघांमधला कागद मात्र कुलकर्ण्याच्या माजघरात, असा तोवरचा मामला होता. कोणाकडे किती जमीन, कोणाची बाकी किती, कोणाचा भरणा कधी झाला, हे सगळं रुमालात बांधलेलं. रुमाल सोडायचा की नाही हे ठरवणारं घर एकच. शाहू महाराजांनी तो रुमाल चावडीवर आणला.

आज हातकणंगले तालुक्यात जमिनीचे व्यवहार करणाऱ्या भागीदारी पेढ्यांपुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. चौघे मिळून रुकडी किंवा आळत्याच्या बाजूला दोन एकर घेतात आणि प्लॉट पाडतात. कोणी इचलकरंजीत यंत्रमागाची शेड बांधून भाड्याने देतो, कोणी शिरोली एमआयडीसीजवळ गाळे घेऊन ठेवतो. धंदा वाढला की मार्चच्या सुमारास विषय निघतो: हिशेबाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? विक्रेता किंमत सांगतो, सीए आपल्या सवयीचं नाव सुचवतो, घरातला पोरगा मोबाईलवरचं अ‍ॅप दाखवतो. जमिनीचा हिशेब दुकानाच्या हिशेबाहून वेगळा असतो आणि तो कसा मांडायचा हे इथल्या महसुली दप्तराने कित्येक पिढ्यांपूर्वीच ठरवून ठेवलं आहे. त्या बैठकीत मात्र दप्तराचा विषय निघत नाही.

संस्थानी काळात हा भाग आळते पेट्यात मोडत असे. इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर, तिचा कारभार वेगळा. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि हातकणंगल्याला स्टेशन आलं. इचलकरंजीकरांना आजही सर्वांत जवळचं स्टेशन तेच. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढच्या काही दशकांत या परिसरातल्या जमिनीची किंमत नुसत्या उसाच्या टनांवर ठरेनाशी झाली. शेडला जागा हवी, कामगारांना खोल्या हव्यात, सूत आणि कापड ठेवायला गोदाम हवं. पुढे शिरोलीची औद्योगिक वसाहत आली, मग कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण निघालं तेव्हा चोकाक ते अंकली या टप्प्यात मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. तालुक्यातल्या जमिनीवर एवढे डोळे असताना तिचा हिशेब साधा राहणं शक्यच नव्हतं.

त्या हिशेबाची जुनी साधनं दोन, कीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार येईल त्या क्रमाने उतरवायचा. वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची शिल्लक, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. पाश्चात्त्य द्विनोंदी पद्धतीत नावे डावीकडे येते, देशी वहीत उजवीकडे. कीर्दीतली प्रत्येक रक्कम मग खतावणीत त्या त्या माणसाच्या किंवा बाबीच्या खात्यावर चढवायची. म्हणजे एकच रुपया दोनदा लिहिला जाई, एकदा तारखेच्या हाताखाली आणि एकदा खात्याच्या हाताखाली. दोन्हींचा मेळ बसला नाही तर रात्र जागून चूक शोधायची, ही दिवाणजीची नोकरी.

लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी होती. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरं लटकवत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. ओळ कडेपर्यंत भरलेली. त्यामुळे मजकूर पूर्ण झाल्यावर मध्येच चार अक्षरं घुसवणं अवघड होऊन बसे. हुंडीवर तर रक्कम आकड्यांत लिहायची, अक्षरांत लिहायची आणि वर तिचं निम्मं सांगून ‘त्याची दुप्पट’ असंही नोंदवायचं. शंभराचे हजार करणाऱ्याला तीन ठिकाणी हात मारावा लागेल, अशी ती तजवीज. संगणकाच्या भाषेत याला आज सुरक्षा म्हणतात. तेव्हा ती कारकुनाच्या सवयीत होती.

मात्र ही सुरक्षा ज्याच्या घरी वही त्याच्याच फायद्याची होती, हे विसरता येत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे आणि वह्या ताब्यात घ्यायच्या आणि जाळायच्या. ज्याला स्वतःचं खातं वाचता येत नाही आणि वाचून दाखवा असं सांगण्याचा अधिकारही नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि सावकाराने कुळाला पावती आणि खात्याचा उतारा द्यावा असं बंधन निदान कागदावर तरी आलं. तो ब्रिटिश मुलखाचा कायदा होता, करवीर संस्थान त्याच्या बाहेर. पण प्रश्न दोन्हीकडचा सारखाच होता. शाहू महाराजांच्या १९१८ च्या निर्णयाचं मोल या पार्श्वभूमीवर आणखी कळतं.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामील झाली. गावाच्या दप्तराची नीट घडी बसवली ती सनदी अधिकारी अँडरसन यांनी. महसुली हिशेबाची त्यांची नियमपुस्तिका अजूनही तलाठ्यांच्या आणि वकिलांच्या बोलण्यात ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून येते. एकवीस गावनमुन्यांची ती रचना. १९४९ मध्ये करवीर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हातकणंगल्याचं दप्तर मुंबईच्या कायद्यांखाली आलं.

त्यातले चार नमुने जमिनीचा धंदा करणाऱ्याने समोर ठेवून बघावेत. सहावा नमुना फेरफाराचा: खरेदी झाली, वारस लागला, बँकेचा बोजा चढला की ते घडेल त्या क्रमाने, क्रमांक टाकून लिहायचं. म्हणजे ही जमिनीची रोजकीर्द. सातवा नमुना जमिनीचा: या गटाचा मालक कोण, क्षेत्र किती, इतर हक्कांत काय. बारावा पिकांचा. आणि आठ-अ हा माणसाचा: या खातेदाराच्या नावावर गावात कुठेकुठे किती जमीन आहे. घटना एकच, पण ती तीन अंगांनी सापडते: तारखेवरून, जमिनीवरून आणि माणसावरून. व्यापाऱ्याच्या वहीत तारीख आणि माणूस ही दोनच अंगं होती. तिसरं, जमिनीचं अंग महसूल खात्याने जोडलं आणि माझ्या मते आपल्याकडच्या हिशेबशास्त्रातली ती सर्वांत उपयोगी भर आहे.

दुसरी गोष्ट नोंद करण्याच्या शिस्तीची. तलाठी फेरफार लिहितो, पण मंजूर करत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. प्रमाणित झाल्यावर नवं नाव सातबाऱ्यावर चढतं, आणि जुनं नाव खोडलं जात नाही. त्याला कंस होतो. शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. तालुक्यातला कोणताही जुना हस्तलिखित सातबारा हातात घ्या. आजोबा कंसात, त्यांची तीन मुलं कंसात, त्यातल्या एकाने विकल्यावर तोही कंसात आणि शेवटी आजचा मालक उघडा. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, कमी झाल्यावर तोही कंसात. वाचता येणाऱ्याला त्या एका पानावर सत्तर वर्षांचा घराचा इतिहास दिसतो, भावांची वाटणी दिसते, कोणत्या साली कर्ज काढलं ते दिसतं.

१ एप्रिल १९५७ हा दिवस इथल्या हिशेबनिसांनी दोनदा लक्षात ठेवायला हवा. त्या दिवशी देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, एक आणा सव्वासहा पैशांचा. आणि त्याच दिवशी मुंबई राज्याच्या कुळकायद्याचा कृषक दिन होता: कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. वही आणि सातबारा दोन्हींची मोडतोड एकाच तारखेला झाली. त्या तारखेचा धागा आजच्या व्यवहारातही निघतो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा असतो. पूर्वी ती विकायला परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून मोकळीक मिळते. चाळीस पट ऐकायला मोठं वाटतं, प्रत्यक्षात आकारणीच इतकी कमी असते की ती रक्कम किरकोळ निघते. वेळ मात्र जातो, आणि वेळेवर व्याज चढतं. हा शेरा खात्याच्या माथ्यावर न लिहिता गुंतवणूकदाराने पैसे घातले, तर त्याचा नफ्याचा अंदाज पहिल्याच दिवशी चुकलेला असतो.

पुढची कलाटणी करकायद्याने दिली. व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीचं: लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा आणि पाडव्याला नवी वही. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून. आयकरापुरतं ज्याला जे वर्ष सोयीचं ते धरता येत असे. १९८९ पासून मात्र ३१ मार्च सर्वांना सक्तीचा झाला. नेमक्या त्याच काळात संगणक व्यापारी पेठेत शिरत होता. बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय करत. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते मुलाकडून, भरत गोएंका यांच्याकडून, लिहून घेतलं. १९८६ मध्ये कंपनी निघाली आणि त्यातून टॅली आलं. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

कापडाच्या धंद्यातून आलेलं हे सॉफ्टवेअर इचलकरंजीसारख्या गावात रुजलं यात नवल नाही. त्याचं एक कारण दिवाणजींना चटकन कळण्यासारखं होतं. तोवरच्या संगणकी हिशेबांत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक लागे. टॅलीत नाव टाकलं की खातं उघडे, खतावणीत उघडावं तसं. २००६ च्या आवृत्तीपासून त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. बघता बघता ‘टॅली येतं का?’ हा नोकरीच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न झाला आणि तालुक्याच्या गावांत त्याचे क्लास निघाले.

टॅली, बिझी, झोहो बुक्स, नाव कोणतंही घ्या, या सगळ्यांचा सांगाडा कीर्द-खतावणीचाच आहे. तारीख आणि खातं, दोन अंगं. किराणा, सूत, औषधं यांना ती पुरतात. जमिनीला पुरत नाहीत. अमेरिकेत भाड्याची घरं घेणाऱ्या गुंतवणूकदारांसाठी मालमत्तावार, अगदी खोलीवार हिशेब ठेवणारी खास सॉफ्टवेअर निघाली आहेत. त्यांच्याकडून कल्पना घ्यावी, वस्तू घेऊ नये. त्यांना गट नंबर कळत नाही, जीएसटी कळत नाही, हक्कसोडपत्र कळत नाही. आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तिसरं अंग ‘कॉस्ट सेंटर’ नावाच्या सोयीतून आणता येतं. प्रत्येक गटाला एक कॉस्ट सेंटर, आणि कोणतंही व्हाउचर गट विचारल्याशिवाय पुढे सरकू द्यायचं नाही. ही सोय बहुतेकांकडे पैसे देऊन घेतलेली असते, आणि बंद असते.

तिचं मोल एका उदाहरणातून कळेल. समजा चौघांनी दोन एकर जमीन सर्व खर्चासह दोन कोटींना घेतली. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. गुंठ्याला अडीच लाख पडले, असं सगळेच धरून चालतात. पण रेखांकनात रस्ते गेले, खुली जागा सोडावी लागली आणि विकण्याजोगे उरले, समजा, ५२ गुंठे. आता गुंठा पडला ३ लाख ८४ हजार ६१५ रुपयांना. कोणी साडेतीन लाखांनी पहिले प्लॉट विकून गुंठ्यामागे लाख रुपये सुटले म्हणून पेढे वाटले, तर तो प्रत्यक्षात गुंठ्यामागे चौतीस हजारांवर तोट्यात आहे. त्यात अजून रस्त्याचं खडीकरण, गटार आणि विजेचे खांब धरलेलेच नाहीत. तारीखवार वही हा तोटा दाखवत नाही. तिच्या दृष्टीने पैसे आले आणि शिल्लक वाढली. गटवार खातं तो पहिल्या विक्रीलाच दाखवतं.

मोजमापाचाही घोळ आहे. बोली गुंठ्यात होते, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि प्लॉट चौरस फुटांत विकला जातो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. फरक तेरा फुटांच्या आसपास, म्हणून लोक गुंठा आणि आर एकच धरतात. दहा एकरांवर तोच फरक साडेचार गुंठ्यांच्या वर जातो. इचलकरंजीच्या रस्त्यालगत साडेचार गुंठ्यांची किंमत काय, ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

माणसाचं अंग तर जमिनीच्या धंद्यात आणखी नाजूक असतं. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग खरेदीखत भागीदारांपैकी जो शेतकरी असेल त्याच्या नावावर होतं, पैसा मात्र चौघांचा असतो. सातबारा एक सांगतो, वही दुसरं. हे दोन्ही प्रामाणिकपणे जुळवायचं तर कोणी किती पैसे, कोणत्या तारखेला, कोणत्या गटासाठी दिले हे तिन्ही बाजूंनी सापडायला हवं. ते सापडत नाही तेव्हा भागीदारी मोडते. बहुतेक वेळा मैत्रीही. वर, घेतलेली जमीन गुंतवणूक म्हणून धरली की विक्रीचा माल म्हणून, यावर आयकराचा सगळा नूर बदलतो. ते ठरवायचं खरेदीच्या दिवशी, विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे.

गेल्या काही वर्षांत कायद्यांनीही या हिशेबाला शिस्त लावली आहे. २०१३ पासून पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेवर, ग्रामीण शेतजमीन वगळून, खरेदीदाराने एक टक्का कर कापायचा असतो. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोखीने घेता येत नाही. इसारापासूनच ते लागू. २०१७ मध्ये महारेरा आलं आणि नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. ती रक्कम कामाच्या प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद आणि सीए यांच्या दाखल्यांवरच काढता येते. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत फिरवण्याची जुनी चाल यामुळे अडली. हे फार आधी व्हायला हवं होतं. घरासाठी आयुष्याची पुंजी देणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या बाजूने विचार केला तर हा हिशेबाचा नियम कित्येक भाषणांपेक्षा मोलाचा आहे.

आणि मग २०२३. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. नोंद बदलली तर जुनी रक्कम, नवी रक्कम, तारीख, कोणी बदललं, सगळं मागे उरतं. सातबाऱ्यावरच्या कंसाला कायद्याने संगणकात जागा मिळाली ती अशी. भागीदारी पेढ्यांना हा नियम लागू नाही, आणि नेमक्या त्याच जमिनीचे व्यवहार करतात. त्यांनी तो आपणहून लावून घ्यावा. ज्या पेढीत चार भागीदार आहेत आणि नोंदी एकच माणूस करतो, तिथे लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा ही चावडीची पद्धत पासवर्डांच्या वाटणीतून सहज आणता येते.

दप्तर कोणाच्या घरी, हा प्रश्नही मिटलेला नाही. पेढीचा सगळा हिशेब बाहेरच्या लेखनिकाच्या लॅपटॉपवर आणि मालकांकडे फक्त वर्षाअखेरीचा ताळेबंद, हे दृश्य तालुक्यात सर्रास दिसतं. लेखनिक प्रामाणिक असतो. पण तो गाव सोडतो, आजारी पडतो, कधी लॅपटॉपच बिघडतो. क्लाउडवर ठेवलं की सुटलो, असंही नाही. क्विकबुक्स हे जगभर चालणारं अमेरिकी सॉफ्टवेअर २०२३ मध्ये भारतातून बाहेर पडलं आणि इथल्या ग्राहकांना आपापला हिशेब उचलून दुसरीकडे न्यावा लागला. ज्यांनी माहिती वेळोवेळी उतरवून ठेवली होती त्यांचं निभावलं. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात पाणी घराघरांत शिरलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली वही असो की टेबलाखालचा संगणक, त्याला दोन्ही सारखेच.

सरकारी दप्तर या बाबतीत पुढे गेलं आहे, हे मान्य करायला हवं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चावडीवर न जाता, कोणाची मनधरणी न करता, घरबसल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. बाराव्या नमुन्याचा बोरू शेवटी रयतेच्या हाती आला. ज्या पेढीचे मालक सातबारा दोन मिनिटांत काढतात, त्यांना स्वतःच्या गटाचा खर्च विचारला तर लेखनिकाला फोन लावावा लागतो. हे उलटं झालं आहे.

निवड करणाऱ्याने विक्रेत्याने तयार ठेवलेलं नमुन्याचं खातं पाहू नये. आपल्याच एका जुन्या, पूर्ण झालेल्या व्यवहाराचे कागद घेऊन बसावं: इसारपावती, साठेखत, खरेदीखत, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, मोजणीची फी, बिगरशेतीचा खर्च, प्रत्येक भागीदाराचा भरणा, प्लॉटवार विक्री. सगळं विक्रेत्याला आपल्यासमोर भरायला लावावं आणि मग तीन उतारे मागावेत: या तारखेचा, या भागीदाराचा, या गटाचा. तिसरा उतारा एका बटणावर निघाला नाही तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. नंतर एक रक्कम मुद्दाम बदलून पाहावी, जुनी कुठे दिसते ते विचारावं. आणि सगळा हिशेब एक्सेलमध्ये बाहेर काढून द्यायला सांगावा.

एक अडचण मात्र या तालुक्यात कोणत्याही सॉफ्टवेअरला येणारच. एकाच जमिनीचे क्रमांक काळाबरोबर बदलत गेले आहेत. जुन्या दस्तांत रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असतो, १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत पुढे गट नंबर आला, पोटहिस्सा पडला की त्याला आणखी शेपूट लागतं, इचलकरंजीच्या गावठाणात सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक, रेखांकनानंतर प्लॉट नंबर. इचलकरंजीची २०२२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून घरफाळ्याच्या बिलावरही नाव बदललं. त्याहून जुना दुवा हवा असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी जाणणाऱ्याला सोबत घेऊन जावं लागतं. शोध अहवाल देणारे वकील हे सगळे क्रमांक एका ओळीत मांडतात, ‘जुना’, ‘नवा’ असं लिहून. हिशेबाच्या खात्याचं नावही तसंच असावं: गावाचं नाव, मग जुना रि.स.नं., मग गट, मग प्लॉट. टॅलीत खात्याला दुसरं नाव देण्याची सोय आहे, तिथे जुना क्रमांक टाकला की कोणत्याही क्रमांकाने शोधलं तरी खातं तेच उघडतं.